सोनारकाम येत नसताना सायकलच्या जुन्या पार्ट्सचे दागिने घरी करून विकता येतात का?

येतात. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नागपुरातच राहता, मुलांच्या दोन सायकली गच्चीवर गंजत पडल्या आहेत आणि झाळकाम वगैरे काही येत नाही. त्याचं टेन्शन घेऊ नका, या कामात झाळणं जवळजवळ लागतच नाही. लागते ती घासाघीस, दुकानदाराशी नव्हे तर ब्रशनं. सायकलचा एकही पार्ट माणसाच्या अंगाला लागावा म्हणून बनवलेला नसतो. तेल, ग्रीस, जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा, सगळं यंत्राच्या सोयीचं. तो पार्ट कानात किंवा मनगटावर दिवसभर राहण्याजोगा करणं हेच खरं काम आहे. डिझाइन त्यानंतर येतं, आणि तुलनेनं सोपं आहे.

आधी एक विनंती. सायकल चालण्यासारखी असेल तर मोडू नका. टायर-ट्यूब बदलून एखाद्या शाळकरी पोराला देऊन टाका. माल बाहेर हवा तेवढा मिळतो. सीताबर्डीपासून महाल-इतवारीपर्यंत सायकल दुरुस्तीची दुकानं आहेत, पण मी म्हणेन घराजवळचाच मिस्त्री धरा. झिजलेल्या चेन, फ्रीव्हील, वाकलेले स्पोक त्याच्याकडे डब्यात साठतात आणि अधूनमधून कबाडीकडे जातात. पहिल्यांदा तो संशयानं बघेल, "हे कायले पायजे ताई तुमाले?" म्हणेल. एक कानातल्यांची जोडी त्याच्या घरी दिलीत की पुढच्या वेळी डबा स्वतःच पुढे सरकवेल. गिअरच्या सायकलींची सर्व्हिसिंग करणारं दुकान सापडलं तर अजून चांगलं. चेन पाऊण टक्का ताणली गेली की तिथे ती बदलतात, त्यामुळे ती फार गंजलेली नसते. शिवाय रुंदीला बारीक असते. अकरा गिअरची चेन साडेपाच मिलिमीटरच्या आसपास भरते, साध्या सायकलची आठ-नऊ.

सुरुवात चेननंच करा. हॅन्स रेनॉल्डनं १८८० मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. पिनेवर बारीक नळी म्हणजे बुश, आणि त्यावर फिरणारं गोल कडं म्हणजे रोलर. आजही आपल्या साध्या सायकलला तीच रचना आहे. पोरांच्या सायकलपासून रेसिंगच्या सायकलपर्यंत पिनपासून पिनपर्यंतचं अंतर सारखंच, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यामुळे दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले तुकडेही मापात जुळतात. चेन कटर नावाचं छोटं हत्यार काही शे रुपयांत मिळतं, ते घ्याच. खिळा-हातोडीनंही पिन निघते, पण प्लेट वाकते आणि ती पुन्हा सरळ होत नाही, कारण ते लोखंड कडक केलेलं असतं. कटरमध्ये कडी बसवून दांडी फिरवली की आधी हाताला चांगलाच जोर लागतो, मग एकदम टक् आवाज होतो आणि पुढे पिन लोण्यातून निघावी तशी सरकते. साधी चेन असेल तर हातात येतात डमरूच्या आकाराच्या प्लेटा, पिना, बुश आणि रोलर. प्लेटांचे कानातले होतात, रोलर ओवायला उत्तम. साडेसात-पावणेआठ मिलिमीटरचा, आरपार भोक असलेला, वर्षानुवर्षं फिरून गुळगुळीत झालेला तयार मणीच तो! एका चेनमधून शंभराच्या वर निघतात. मला यातलं सगळ्यात आवडतं काम म्हणजे या रोलरची पोत. मध्ये काळ्या ट्यूबच्या चकत्या घातल्या की लांबून कुणाला सायकलचा संशयही येत नाही.

ब्रेसलेट करताना मापात बहुतेक जण फसतात. १४ कड्या म्हणजे १७.८ सेंटिमीटर, मनगटाला पुरेल असं वाटतं. पण चेन गोल केली की प्लेटांची अर्धी उंची आतल्या बाजूला येते आणि आतला घेर दोन-अडीच सेंटिमीटरनं कमी भरतो. मध्यम मनगटाला १६ कड्या धरा. संख्या समच हवी, कारण आतली कडी आणि बाहेरची कडी आलटून-पालटून असते. साध्या चेनचं असं ब्रेसलेट पन्नास-पंचावन्न ग्रॅमपर्यंत जातं, बारीक चेनचं पस्तीसच्या आसपास. फासा म्हणून चेनचंच लॉक, म्हणजे तिची दोन टोकं जोडणारी सुटी कडी, वापरता येतं आणि दिसतंही झकास, फक्त एका हातानं उघडत नाही. म्हणून बायकांसाठी करताना मी वेगळा फासा लावते. हातावर केस असलेल्यांना चेन चिमटे काढते, हे विकताना आधीच सांगून टाका. चेनची अंगठी मात्र करूच नका. बोटाची कातडी अडकते.

आता धुणं. चेन आधी तोडून घ्या, मग पार्ट स्टीलच्या जुन्या डब्यात घालून वर राकेल ओता, झाकण लावून हलवा आणि रात्रभर ठेवा. राकेल आजकाल सहज मिळत नाही, डिझेलनं काम होतं. पेट्रोल नको. हे सगळं गच्चीवर, हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून लांब. काळं झालेलं राकेल मोरीत ओतू नका. बाटलीत उभं ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. मग टूथब्रशनं एकेक पार्ट, विशेषतः भोकांच्या कडा. त्यानंतर गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. गंज असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून घ्या, नाहीतर आंबटपणा आत राहतो आणि दोन दिवसांत नवा गंज येतो. व्हिनेगरमध्ये पार्ट टाकल्या टाकल्या बुडबुड्यांचा फेस आला तर त्यावर जस्ताचा मुलामा आहे असं समजा आणि तो पार्ट बाजूला ठेवा. का ते पुढे सांगते. वाळवायचं सुख मात्र नागपूरकरांइतकं कुणाला नाही. मे महिन्यात गच्चीवर ताटात पसरलं की वळून बघेपर्यंत खडखडीत. जुलैत उलट. ओला पार्ट तासाभरात तांबूस व्हायला लागतो, तेव्हा पुसून लगेच हेअर ड्रायर मारा.

आता जस्ताचं. चकचकीत घासलेली साधी लोखंडी प्लेट तापवली की तिच्यावर रंग चढतात, आणि ते कुठल्याही रंगाच्या डब्यात मिळत नाहीत. २२०-२३० अंशांना फिका पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला गर्द निळा. पोळीचा जुना लोखंडी तवा या कामापुरता वेगळा काढा, प्लेटा त्यावर पसरा, आच मंद ठेवा आणि नजर हलवू नका. पिवळा बराच वेळ रेंगाळतो, जांभळ्यानंतर मात्र निळा झरकन येतो आणि तितक्याच झरकन राखाडी होऊन जातो. हवा तो रंग यायच्या किंचित आधीच चिमट्यानं उचला, कारण गरम प्लेटचा रंग तव्याबाहेरही थोडा पुढे सरकतो. पण हे फक्त मुलामा नसलेल्या लोखंडावर करायचं. जस्त जास्त तापलं तर त्याच्या धुरानं थंडी-ताप भरतो, आणि क्रोम किंवा निकेल चढवलेले पार्ट तापवायचे तर नाहीतच, घासून त्यांची धूळही उडवायची नाही. हा रंग म्हणजे लोखंडावरचा अगदी पातळ थर असतो, घासला की जातो. म्हणून कानातल्यांना आणि पेंडंटला ठीक, ब्रेसलेटला नको.

शेवटचा हात मेणाचा. चेन पूर्ण कोरडी ठेवली तर कुरकुरते आणि गंजते, तेल लावलं तर ब्लाउजला डाग पडतात. सायकलिंगवाले चेन गरम मेणात बुडवतात, तेच आपण करायचं. पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मेण वितळवा, चेन बुडवा, बाहेर काढून निथळू द्या, वरचं पुसा. मेणबत्तीचं साधं मेण आपल्या उन्हात, विशेषतः बंद गाडीत, मऊ पडतं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, ते जास्त असू द्या.

कानाच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. चेनवर बऱ्याचदा निकेलचा मुलामा असतो आणि निकेलनं अनेकांच्या कातडीला खाज येते, पुरळ उठतं. आपल्याकडचा घाम त्यात भर घालतो. युरोपात कान टोचलेल्या भोकात जाणाऱ्या धातूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा कायदा आहे. बाजारातले चमकणारे स्वस्त हुक याच्या आसपास तरी असतील का, याची खात्री कोण देणार! त्यामुळे हुक चांदीचे, इतवारीच्या सराफा ओळीतल्या कारागिराकडून करून घेतलेले, किंवा टायटॅनियमचे. सायकलची कुठलीही तार कानात घालायची नाही. स्पोक दोन मिलिमीटरचा आणि ब्रेकची तार दीडची, कानाच्या हुकाची तार पाऊण-एकच्या मध्ये असते. स्पोकचं कडं मात्र सुरेख होतं. स्टेनलेसचा स्पोक पाइपभोवती वाकवला की टोकाची आटे असलेली बाजू आणि पितळी निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट) यांचंच बंद करायला मळसूत्र होतं.

चांदीचे हुक आणि ट्यूब मात्र एका डबीत ठेवू नका. रबरात गंधक असतं, त्यानं चांदी काळी पडते. ट्यूबच्या कानातल्यांना टायटॅनियम लावा. बाकी ट्यूब नवशिक्यासाठी सगळ्यात दयाळू. कात्रीनं कापते, वजन नाही, गंज नाही. आत पांढरी पावडर असते, ती धुऊन घ्या. छर्ऱ्यांना भोक पाडायच्या नादाला लागू नका, ड्रिलची टोकं मोडतील पण भोक पडणार नाही. मागच्या चाकातला पाव इंची छर्रा रोलरच्या भोकावर अलगद बसतो, खालून अ‍ॅराल्डाइट लावलं की झालं.

एक आवडीनिवडीचा मुद्दा. पार्टला सोनेरी स्प्रे मारणारे लोक मला कळतच नाहीत. मग सायकल कशाला, बाजारातले मणी घ्या ना. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट सीटच राहतं आणि तरी बैल दिसतो. पोळ्याच्या मुलखातल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये.

विकण्याबद्दल. भांडवल फार लागत नाही. कटर, दोन पकडी, कानस, पॉलिश पेपर आणि हुकांचे पैसे, त्यातही खर्च हुकांचाच. किंमत ठरवताना माल फुकट म्हणून शून्यापासून मोजू नका, धुण्याचे तास मोजा. "भंगाराचे एवढे पैसे?" असं कुणीतरी विचारणारच. अशा वेळी न धुतलेल्या चेनचा एक तुकडा टेबलावर ठेवलेला बरा, बोलावं लागत नाही. सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. तिथे नुसतं फिरून या, लोक हातात काय घेतात आणि काय परत ठेवतात ते बघा. पहिलं गिऱ्हाईक मात्र सायकल चालवणाऱ्यांतच मिळेल. फुटाळा-अंबाझरीकडे सकाळी घोळक्यानं येतात त्यांच्यात. तुटलेली चेन फेकून न देता तिचं कीचेन करून मागणारेही त्यातच निघतात. प्रत्येक जोडीबरोबर एक चिठ्ठी द्या. हुक कशाचा आहे, आंघोळीआधी काढून ठेवायचं, आणि ब्रेसलेट कुरकुरायला लागलं तर परत आणा, मेण फुकट लावून मिळेल.