अकरा वर्षांच्या अनुभवानंतर आयआयएम?

प्रश्न : वय ३४, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं. पदवीला ५८ टक्के, जीमॅट (व्यवस्थापन अभ्यासक्रमांची आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा) ६४५. आयआयएममध्ये प्रवेश मिळेल का? सोबत अर्जातला निबंध पाठवतो आहे.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : मिळू शकेल, पण दार नीट निवडा. कॅट ही आयआयएमची प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाऊ नका. तिथे दहावीपासूनचे गुण मोजतात, ५८ टक्के नडतील. तुमच्यासाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. अहमदाबादच्या पीजीपीएक्सला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, बंगळूरच्या ईपीजीपीला पाच. दोन्हीकडे जीमॅट चालते.

नव्या जीमॅटची पट्टी २०५ ते ८०५ आहे, तेव्हा ६४५ची थेट तुलना जुन्या पट्टीवरच्या ७००शी करून खट्टू होऊ नका. तरी इंजिनिअरांची रांग मोठी असते. जमल्यास पुन्हा परीक्षा द्या.

खरी अडचण निबंधात आहे. ‘आमच्या टीमने उत्पादकता वाढवली’ हे चारदा आलंय. टीमने म्हणजे कोणी? उलट पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की रिजेक्शन (नापास होणारे भाग) कमी व्हावं म्हणून रात्रपाळीतल्या ऑपरेटरांनाच डाय, म्हणजे भाग घडवायचे साचे, तपासायला शिकवलंत, सुपरवायझरचा विरोध असताना. अहो, हाच तुमचा निबंध! तो विरोध कसा मोडलात, तेवढंच सविस्तर लिहा.

आणि फी तीस लाखांच्या वर, शिवाय वर्षभर पगार नाही. घराचे हप्ते चालू असतील तर अर्जाआधी बँकेत जाऊन या.