दिवसाची ऊब पॉलिहाऊसमध्ये पहाटेपर्यंत कशी टिकवायची

राम राम मंडळी. कोल्हापूरकडच्या शिरोळ भागातनं दोघातिघांचा एकच प्रश्न आलाय, दहा गुंठ्याचं नवीन पॉलिहाऊस बांधतोय, ढोबळी मिरची लावणार, थंडीत वाढ थांबते तर हिटर बसवू का, की लडाखसारखी उत्तरेला मातीची भिंत घालू?

दोन्ही नको. लडाख 34 अंश अक्षांशावर, तिथं दिवसाही गारठा, म्हणून मिळेल तेवढं ऊन भिंतीत साठवतात. आपल्याकडं 22 डिसेंबरला पण भर दुपारी सूर्य 50 अंश वर असतो, ऊन भरपूर, उलट दिवसा बाजूचे पडदे उघडावे लागतात. अडचण आहे ती पहाटेची. ढोबळीला रात्री 16 ते 18 अंश मानवतं, 15 च्या खाली गेलं की फळ चपटं नाहीतर टोकदार येतं, कापून बघा, आत बी जवळजवळ नसतंच.

तेव्हा पैसा ऊब अडवण्यावर घाला. साधा पॉलिथिन पेपर जमिनीची उष्णता रात्री सरळ बाहेर जाऊ देतो, आभाळ निरभ्र असलं तर कधी कधी बाहेरच्यापेक्षा आतच जास्त गार होतं, म्हणून 200 मायक्रॉनचा पेपर घेतानाच आयआर थर्मल (ही रात्री निघून जाणारी उष्णता अडवणारा) आणि अँटी-ड्रिप (आतून साचलेलं पाणी पिकावर ठिबकू न देणारा) मागा. पडदे ऊन असतानाच, चारच्या सुमारास खाली घ्या, आणि संध्याकाळी पेटलेली उदबत्ती पडद्याच्या कडेनं फिरवा, धूर जिथं ओढला जातो तिथं फट आहे, ती बुजवा. वरचा थर्मल स्क्रीन, म्हणजे पिकाच्या वर आडवा ओढायचा ऊब धरणारा पडदा, सूर्य मावळताना ओढायचा. पाणी सकाळी द्या, ओल असलेला बेड (वाफा) दिवसा जास्त ऊब धरतो.

ऊब साठवायला पाणी भरलेले काळे ड्रम ठेवावेत का, हे पण विचारलंय. 200 लिटरचा ड्रम 10 अंशानं गार झाला तर विजेच्या सव्वादोन युनिटच्या आसपास उष्णता सोडतो, रोपवाटिकेच्या छोट्या टनेलला छान, पण दहा गुंठ्यात असे तीस ड्रम ठेवले तरी त्यांची ऊब तास-दीड तासात संपेल, उगाच जागा अडवू नका.

अजून एक, पूर्वेकडनं गार वारं येतं आणि शेजारच्या उसाचा आडोसा ऐन थंडीत फडाला तोड लागली की जातो, तिकडं कायमची शेवरी लावा, सावली पडणार नाही एवढं अंतर सोडून. ऊब राहावी म्हणून वरचा व्हेंट (छताला गरम हवा जायला ठेवलेली उघडी जागा) मात्र कमी करू नका हो, एप्रिलमध्ये पीक भाजून निघेल. आणि सकाळी ऊन आलं की पडदे थोडे थोडे उघडून दमट हवा बाहेर काढा, पानं ओली राहिली तर बुरशी धरते.