तोंडाने बोल

बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "काका, ताईला किडनी द्यायला मी नाही म्हटलं तर ती मला माफ करेल?" मी काहीतरी बोलून विषय टाळला. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय.

हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तोंडाने म्हण. ताईसमोर.

१९९८ साली आमच्या दादाचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डाव्या मनगटावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. वर हात ठेवला की मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. जेवताना तो पेला अर्धाच भरायचा, तोही पुरवून प्यायचा. आम्ही ते बघायचो आणि पावसापाण्याचं बोलायचो. आमचा दोघांचा रक्तगट एकच. मला कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. धाकटी सहा महिन्यांची, नोकरी कच्ची. कारणं खोटी नव्हती रे! पण ती दादाला सांगायला माझी जीभ उचलली नाही. शेवटी आई म्हणाली, "माझी घ्या." छप्पन्नाव्या वर्षी.

आईची किडनी बारा वर्षं चालली. ती निकामी झाल्यावर मी पुढे झालो, तर क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकत्र करून बघायची चाचणी, पॉझिटिव्ह. पहिल्या प्रत्यारोपणामुळे दादाच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. माझी किडनी त्याच्या शरीराने स्वीकारलीच नसती. प्रतीक्षायादीत नाव घातलं. यादीत असतानाच तो गेला.

तू म्हणतोस लग्न ठरलंय, मुलीकडचे काय म्हणतील. अरे, त्या मुलीशी बोललास का? मग मला काय विचारतोस! एका किडनीवर पुढे काय काय सांभाळावं लागतं ते नेफ्रॉलॉजिस्टला, किडनीच्या डॉक्टरला विचार. तुझी जुळेल की नाही हेही अजून ठरायचंय. नाहीच जुळली, तर अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांत दात्यांच्या अदलाबदलीची सोय झाली आहे. पण तोंड उघडलंस तर यातलं काही पुढे सरकेल.

मी आता घरी सांगून ठेवलंय, ब्रेनडेड झालो तर सगळं द्या. बायको पहिल्यांदा उठून आत गेली, दुसऱ्यांदा बसून राहिली. दानाचं कार्ड पाकिटात आहे, पण आयसीयूबाहेर डॉक्टर घरच्यांनाच विचारतात. म्हणून दर दिवाळीला पुन्हा सांगतो. मुलं वैतागतात. वैतागू देत.

रविवारी ताईचं डायलिसिस नसतं ना? त्या दिवशी जा. ती चहाचे दोनच घोट घेईल, तेवढ्यात बोल.

तुझा,
काका