इटालियन वेडिंग सूप घरी करताना गोळे फुटतात आणि सूप गढूळ होतं. मूळ पद्धत काय आहे?

तुम्ही लिहिलंय की सूप दोनदा केलं, दोन्ही वेळा खिम्याचे गोळे फुटले, पाणी गढूळ झालं, आणि सांगलीत एस्करोल नावाची भाजी मिळेना म्हणून पालक घातला तर त्याचा लगदा झाला. वर विचारलंय की लग्नातलं सूप आहे, तर यात खास असं काय घालतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. हे लग्नातलं सूप नाही. नेपल्स आणि आसपासच्या काम्पानिया भागात ‘मिनेस्त्रा मारिताता’ नावाचा जुना पदार्थ आहे. मारिताता म्हणजे लग्न लावलेली. लग्न पालेभाजीचं आणि मांसाच्या रश्श्याचं. पाहुणेमंडळींचा काही संबंध नाही. अमेरिकेत गेलेल्या इटालियनांबरोबर ते नाव इंग्रजीत गेलं आणि त्याचं ‘वेडिंग’ झालं. गंमत म्हणजे आता तिकडे काही भागांत लोक ते खरोखरच लग्नात वाढतात.

नेपल्समध्ये हे नाताळात आणि ईस्टरला करतात. त्यात एस्करोल, चिकोरी, कोबीचे एकदोन प्रकार अशी पाल्याची जुडीच्या जुडी जाते, आणि डुकराच्या बरगड्या, कातडी, हॅमचं हाड असलं सगळं. खिम्याचे गोळे सहसा नसतातच. नेपल्सच्या लोकांना ‘मॅकरोनीखाऊ’ हे नाव पडायच्या आधी ‘मान्जाफोल्ये’ म्हणजे ‘पालाखाऊ’ म्हणून चिडवायचे, यावरून काय ते समजा.

गोळे येतात ते आतल्या डोंगराळ भागातून. बेनेव्हेंतोकडे नाताळात कोंबडीच्या रश्श्यात ‘कार्दोने’ घालतात. आर्टिचोक नावाच्या काटेरी फुलभाजीच्या जातीचे हे जाडजूड देठ, वांग्यासारखे चिरल्याबरोबर काळे पडणारे, म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकतात. त्यात बारीक गोळे आणि अंडं. उत्तरेकडच्या अब्रुझ्झो भागातही असंच. तेरामोचे गोळे तर हरभऱ्याएवढे असतात, ‘पालोत्तीने’ म्हणतात त्यांना. म्हणजे तुम्ही जे करताय ते या दोन घराण्यांचं अमेरिकेत वाढलेलं मूल आहे.

मी सहा वर्षं न्यू जर्सीत होतो. खालच्या मजल्यावर बेनेव्हेंतोजवळच्या एका गावातून आलेल्या आजी राहायच्या. मी पहिल्यांदा हे सूप केलं तेव्हा कौतुकाने त्यांना दाखवायला कच्चे गोळे ताटलीत घेऊन गेलो. चांगले मोठे, लिंबाएवढे वळले होते. त्यांनी एक उचलला, त्याचे पाच तुकडे केले, आणि टीव्हीवरची नजर न काढता दोन बोटांत एकेक तुकडा फिरवून ताटलीच्या कडेला ठेवला. मग म्हणाल्या, चमच्यात गोळा, पान आणि रस्सा तिन्ही एकदम आलं पाहिजे, नाहीतर ते सूप नाही, पाण्यात बुडालेलं जेवण आहे. तेव्हापासून मी करवंदाएवढेच करतो. सुपारीएवढा झाला तर परत मोडतो.

आता रस्सा. तुम्ही सांगलीचे, तुम्हाला अळणी माहीत आहेच. मटण शिजवताना तिखट घालायच्या आधीचं जे पाणी पोरांना वाटीत देतात, तेच इथे हवंय, फक्त कोंबडीचं आणि हळदीशिवाय. चौघांसाठी एक किलो कोंबडी घ्या. मान, पंख, पाय, पाठीचं हाड असलेले तुकडे जास्त. नुसत्या बोनलेसचं पाणी पाणीच राहतं. तीन लिटर गार पाणी घाला. गार, हे महत्त्वाचं, कारण पाणी हळूहळू तापलं की मळी एकत्र होऊन वर येते आणि पळीने काढता येते. उकळत्या पाण्यात कोंबडी टाकली तर तीच मळी बारीक होऊन सगळीकडे पसरते. मळी काढून झाली की एक कांदा, एक गाजर, सेलरीची एक काडी (नसली तर राहू दे), आठदहा मिरे. आच इतकी बारीक की पृष्ठभागावर अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. दोन ते अडीच तास. तुमचं सूप गढूळ झालं ते बहुधा खळखळून उकळल्यामुळे. चरबी आणि पाणी घुसळलं जातं आणि ताकासारखा रंग येतो.

कुकर चालतो का? चालतो, आणि नीट वापरला तर रस्सा उलट जास्त नितळ होतो. आधी उघड्या कुकरमध्ये मळी काढा, मग झाकण लावा, एक शिट्टी झाली की आच अगदी मंद करून चाळीस मिनिटं ठेवा, पुढे शिट्टी होऊ देऊ नका. दाब आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचललीत तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

पार्मेझान चीजचा तुकडा आणला असेल तर त्याची कडक साल फेकू नका, रश्श्यात टाका. शेवटी काढून घ्यायची. तिने येणारी चव कुठल्याही मसाल्याने येत नाही. डब्यातली चीज पावडर मात्र नको. मीठ सगळ्यात शेवटी, कारण चीज खारट असतं.

गोळे फुटतात याचं कारण मला वाटतं खिमा. तिकडे वासराचं, किंवा गाईचं आणि डुकराचं मिसळलेलं मांस घेतात, त्यात चरबी असते. आपल्याकडे चिकन खिमा म्हटलं की दुकानदार छातीचं मांस काढून देतो, ते कोरडं आणि रबरी. तंगडीचा मागा, आणि मशीनमधून दोनदा काढून द्यायला सांगा. तीनशे ग्रॅम खिम्याला शिळ्या पावाचे दोन स्लाइस, कडा काढून, चारपाच चमचे दुधात भिजवून, पिळून, बोटांनी पूर्ण मोडून. हा पाव भरताड म्हणून नसतो. तो दूध धरून ठेवतो आणि शिजताना मांस आवळून कडक होऊ देत नाही. एक अंडं, मूठभर किसलेलं पार्मेझान, अर्धी पाकळी लसूण, पार्सली, जायफळाची चिमूट, थोडं मीठ. कोथिंबीर घालायचा मोह होतो. घातलीत तर छान लागेल, पण तो खिमा कोफ्ता होईल.

मिसळा, मळू नका. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग ओल्या हाताने वळा. साठसत्तर होतात, घरातल्या सगळ्यांना बसवा. आणि सोडताना रस्सा शांत हवा. गोळा पडल्यावर हलला पाहिजे, नाचला नाही पाहिजे. पहिली दोन मिनिटं डावाने ढवळू नका. एवढ्याशा गोळ्याला पाचसहा मिनिटं पुरतात. एक फोडून बघा, आत गुलाबी नसावा. अगदीच काचेसारखं सूप हवं असेल तर दोन पळ्या रस्सा वेगळ्या पातेल्यात काढून त्यात गोळे शिजवा.

पास्ता नेपल्सच्या मूळ पदार्थात नसतो, अमेरिकेतल्या सुपात ‘आचिनी दी पेपे’ म्हणजे मिऱ्याएवढे दाणे घालतात. घालायचा तर वेगळा शिजवून ज्याच्या त्याच्या वाडग्यात घाला. मी एकदा अख्खं पाकीट मोठ्या पातेल्यात ओतलं होतं. रात्री सूप होतं, सकाळी झाकण काढलं तर शिरा. डाव उभा राहत होता.

आता भाजी, जिला तुम्ही बदली खेळाडू समजून पालक घातलात. खरं तर नवरी तीच आहे. एस्करोल आणि चिकोरी दोन्ही किंचित कडू आणि दमदार असतात. चरबीच्या रश्श्याला तो कडवटपणाच तोलतो. पालक गोडसर आणि मऊ, दोन मिनिटांत गळतो. मी पुण्यात परत आल्यापासून बरंच काही घालून पाहिलं. सगळ्यात जवळ जातो तो मुळ्याचा कोवळा पाला. त्याच्या जोडीला कोबीची बाहेरची हिरवी पानं, जी भाजीवाली काढून टाकते आणि मागितली तर फुकट देते. मोहरीचा पाला मिळाला तर उत्तम, नवलकोलाची पानंही चालतात. मेथी फार तर दहाबारा पानं, नाहीतर ती सगळ्यांवर कुरघोडी करते.

पाला जाडसर चिरून, मिठाच्या उकळत्या पाण्यात तीनचार मिनिटं काढून, निथळून, घट्ट पिळून मगच रश्श्यात घाला. जास्तीचा कडूपणा त्या पाण्यात जातो आणि रस्सा हिरवट होत नाही. चौघांना अर्धा किलो पाला आधी वेडेपणा वाटतो, पिळल्यावर दोन मुठी उरतो. तो गोळ्यांच्या आधी रश्श्यात घालून दहा मिनिटं मंद शिजू द्या, लग्न लागतं ते तेव्हा. वरून हवं तर दोन अंडी थोड्या चीजबरोबर फेटून बारीक धारेने सोडा आणि काट्याने एकदाच फिरवा, त्याचे धागे होतात. आजी ते फक्त नाताळात करायच्या.

चाकवत, हिरवा माठ हेही चालून जातात, पण पालकासारखेच गळतात, म्हणून अगदी शेवटी घाला. लाल माठ मात्र घालू नका. मी घातलाय. दोन तास जपून नितळ ठेवलेला रस्सा अर्ध्या मिनिटात बिटाच्या पाण्यासारखा झाला, आणि पोरीने वाडग्यात बघून विचारलं, बाबा, होळी कधी आहे?