इनक्युबेटर नाही, अंडी तर घातली!

प्रश्न : आमच्या लेपर्ड गेको पालीने दोन अंडी घातली आहेत. इनक्युबेटर नाही. बल्बखाली ठेवली तर चालतील का?

उत्तर : बल्ब नको. त्याने अंडी सुकतात आणि तापमान सतत वरखाली होतं. त्यापेक्षा झाकणाचा थर्माकोलचा खोका घ्या. तळाशी ८-१० सेंटिमीटर पाणी भरून त्यात मत्स्यालयाचा हीटर पूर्ण बुडवा. उघडा पडला तर काच तडकते. पाण्यात विटा ठेवून त्यांवर अंड्यांचा प्लास्टिकचा डबा ठेवा. डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) आणि पाणी समान वजनाने कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. डब्याला दोन बारीक भोकं पुरेत.

अंडी उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू वरच राहू द्या. कोंबडीच्या अंड्यांसारखी ही फिरवायची नसतात. गर्भ कवचाला आतून चिकटतो, उलटलं की मरतो. अंडी डब्यातल्या मिश्रणात अर्धी पुरा.

तापमान पाण्याचं नव्हे, डब्यातलं मोजा : २८ अंश. हीटर त्याहून थोड्या जास्त तापमानावर लावावा लागेल. २६-२८ला बहुतेक माद्या, ३१-३२ला बहुतेक नर निघतात. साधारण दोन महिने धरा.

खोक्याचं झाकण किंचित तिरकं ठेवा, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर न पडता कडेने ओघळतील. अंडं पिचकलं तर कडेने चमचाभर कोमट पाणी सोडा, अंड्यावर नाही. अगदी शेवटी पिचकलं, तर बहुधा पिल्लू बाहेर यायच्या बेतात असतं. कवच फोडून ‘मदत’ करू नका.