कान्कूनच्या सहलीत सेनोते, लगून आणि अभयारण्य कसं बसवावं? (सोबत पोहता न येणारी माणसं आहेत)

तुमचा प्रश्न असा आहे: डिसेंबरात आठवडाभर मेक्सिकोतल्या कान्कूनला जाताय, सोबत साठी ओलांडलेले सासू-सासरे आणि आठ वर्षांची मुलगी. तुम्हाला जेमतेम पोहता येतं, मिस्टरांकडे स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट आहे. यादीत अकरा सेनोते (चुनखडीतले नैसर्गिक डोह), एक गुलाबी तळं, बाकालारचं लगून आणि सियान कानचं अभयारण्य. हे सगळं चार दिवसांत बसेल का?

बसवलंत तर बसेल. पण नंतर आठवतील ती पार्किंगं आणि मागच्या सीटवरचे ओले टॉवेल. मी त्या भागात बऱ्यापैकी फिरले आहे आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे: एका दिवसात एकच पाणी. अगदी शेजारी शेजारी असतील तर दोन. अकरातले निदान सहा सेनोते आत्ताच काट मारून टाका.

त्यात काही गमावणार नाही, कारण मुळात ते पाणी वेगवेगळं नाहीच. कान्कून ज्या युकातान द्वीपकल्पावर आहे, त्याच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी नाही. सगळा प्रदेश चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी सरळ खाली मुरतं आणि भुयारांतून समुद्राकडे जातं. भुयाराचं छत जिथे कोसळलं तिथे सेनोते. तेच पाणी सखल किनाऱ्याजवळ वर आलं की लगून, त्याच्या कडेने कांदळवन आणि पलीकडे समुद्रात प्रवाळ. साक आक्तुन आणि दोस ओहोस ही दोन मोठी भुयारं आतून जोडलेली आहेत हे 2018 साली पाणबुड्यांनी शोधून काढलं. तेव्हा त्या जाळ्याची मोजलेली लांबी 347 किलोमीटर भरली होती. मेरिदा शहराच्या बाजूला तर नकाशावर सेनोत्यांची चक्क कमान दिसते. डायनासोरांचा काळ संपवणारा अशनी सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी चिक्सुलुबला आदळला, त्या विवराची ती कड. विवर केव्हाच गाडलं गेलंय, कडेचे डोह तेवढे उरलेत.

तेव्हा नावं बघून निवडू नका, छत बघून निवडा.

उघडे सेनोते, म्हणजे ज्यांचं छत पूर्ण गेलंय, ते तुमच्या मंडळींसाठी सगळ्यात सोयीचे. प्लाया देल कार्मेनच्या दक्षिणेला महामार्गालगत सेनोते आसुल, क्रिस्तालिनो आणि हार्दिन देल एदेन असे एकमेकांच्या शेजारीच आहेत. ऊन थेट पाण्यावर पडतं, तळ दिसतो. आसुलमध्ये कडेला उथळ जागा आहेत, तिथे सासूबाई दगडावर बसून पाय सोडू शकतील. बारके मासे येऊन पायाची मेलेली कातडी टोचून खातात. पहिल्यांदा सगळेच किंचाळतात, मग कोणी पाय बाहेर काढत नाही. मुलीचा पहिला दिवस इथेच जाऊ द्या.

अर्धवट छताचे सेनोते हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. तुलुमजवळचा ग्रान सेनोते, बायादोलीद गावात अगदी वस्तीत असलेला साकी, चिचेन इत्झा या प्राचीन माया शहराजवळचा इक किल. यांच्या भिंतींच्या भोकांत तोह नावाचा पक्षी घरटं करतो. निळा-हिरवा, शेपटीच्या दोन पिसांचे दांडे मधे उघडे आणि टोकाला पिसांच्या दोन चकत्या. फांदीवर बसून ती शेपटी तो डावी-उजवी हलवत राहतो. पाण्यावर उताणं पडून वर बघायला लागलात तर दिसायची शक्यता बरीच. पण त्यासाठी सकाळी दार उघडतानाच पोचायला हवं. इक किलला अकराच्या पुढे चिचेन इत्झाच्या सहलींच्या बस रिकाम्या व्हायला लागतात, मग तोहही नाही आणि शांतताही नाही. शिवाय तिथलं पाणी जमिनीच्या पातळीपासून सुमारे 26 मीटर खाली आहे, तेवढ्या दगडी ओल्या पायऱ्या उतरून परत चढायच्या. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या कठड्यावरून बघणंही छान दिसतं, त्यात कमीपणा नाही.

बंद सेनोते एखादाच करा. बायादोलीदजवळचा सामुला घ्या, सुयतुन सोडा. सुयतुन म्हणजे फोटोत दिसतो तो पाण्यातला गोल ओटा आणि वरून पडणारा उजेडाचा झोत. त्या ओट्यावर उभं राहायला रांग असते आणि रांगेतला प्रत्येक जण तोच फोटो काढतो. सामुलामध्ये अरुंद जिन्याने खाली गेलं की आधी दमट, कोंदट हवा लागते, चष्म्यावर वाफ धरते. मग डोळे सरावतात आणि समोर गोल दालन दिसतं. छताच्या मधोमध एक भोक, आणि वरच्या झाडाची मुळं त्या भोकातून सरळ खाली, थेट पाण्यापर्यंत आलेली. झाडाला तहान लागली आणि त्याने स्वतःच सोय केली. इथे मात्र सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उजेड आत पडत नाही, म्हणून दुपारची वेळ धरा आणि सकाळ साकीला द्या. शेजारीच श्केकेन आहे, तिथे छतावरून लोंबणारे चुन्याचे झुंबर बघण्यासारखे आहेत, पण अंधार आणि बुटकं छत मुलीला आवडेलच असं नाही.

पोहता न येण्याची काळजी करू नका. बहुतेक ठिकाणी लाईफ जॅकेट मिळतं, पुष्कळ ठिकाणी सक्तीचंच असतं, आणि पाण्यावर आडवे दोर बांधलेले असतात. फसवणूक होते ती वेगळीच: पाणी इतकं नितळ की दहा मीटरवरचा दगड हाताला लागेल असं वाटतं. ज्यांना थोडंसं पोहता येतं तेच जॅकेट काढतात आणि तेच घाबरतात. (हे तुम्हाला उद्देशूनच आहे.) पाणी बाराही महिने 24-25 अंशांच्या आसपास असतं. ऐकायला कोमट वाटतं, पण बंद सेनोत्यात ऊन नसल्यामुळे मुलं वीस मिनिटांत दात वाजवायला लागतात.

सनस्क्रीनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दारातच विषय निघेल. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घेणं बहुतेक सगळीकडे बंधनकारक आहे आणि सनस्क्रीन, डासांचं मलम लावून उतरू देत नाहीत. बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय असा वाद घालू नका. हेच पाणी पुढे गावांच्या विहिरींत आणि प्रवाळावर जातं, आणि चुनखडीच्या चिरांतून ते काही गाळून निघत नाही. पूर्ण बाह्यांचे पोहायचे शर्ट सगळ्यांसाठी घ्या, प्रश्न मिटला. मुलीला शू आधीच करून यायला लावा, तेही याच हिशेबात.

मिस्टरांसाठी: पहिल्या सर्टिफिकेटवर त्यांना भुयाराच्या तोंडाशी, जिथून उजेड दिसत राहतो तेवढ्याच भागात, तिथल्या प्रशिक्षित गाईडबरोबर जाता येतं. दोस ओहोस त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढे पाण्याखाली यमदूताचं चित्र असलेली थांबा सांगणारी पाटी लागते. ती पाटी गंमत म्हणून लावलेली नाही, कसलेले समुद्री पाणबुडेही भुयारात मेले आहेत. काही सेनोत्यांत खाली गेल्यावर गोडं पाणी संपून खारं सुरू होतं. दोन्हींच्या मधल्या थरात सगळं एकदम धूसर, हलतं दिसायला लागतं आणि आपला मास्क खराब झाला असं वाटतं. थोडं वर-खाली झालं की पुन्हा लख्ख. विमानाच्या आदल्या दिवशी डाईव्ह ठेवू नका, मधे निदान 18 तास हवेत.

हीच गंमत तुम्हाला बुडी न मारता बघायची असेल तर आकुमालचं याल-कू लगून. समुद्र आणि भुयारातलं गोडं पाणी तिथे एकमेकांत मिसळतात. नुसता स्नॉर्कल लावून तोंड पाण्यात घातलं तरी धूसर पट्टे दिसतात, आणि अधूनमधून एखादा रंगीत पोपटमासा. दगड निसरडे आहेत, पाण्यातले बूट घाला.

आता लगूनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: दिसलं की उतरायचं नसतं. कान्कूनच्या हॉटेलांच्या पट्ट्याला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला निचुप्ते लगून आहे. त्यात मगरी आहेत. पाट्याही लावलेल्या आहेत, तरी संध्याकाळी कोणी ना कोणी काठावर पाय सोडून बसलेलं दिसतं. मुलीला त्या बाजूला पाण्याजवळ एकटी जाऊ देऊ नका.

आणि ते गुलाबी तळं, लास कोलोरादास, म्हणजे लगून नव्हे, मिठागर आहे. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे आणि जीवांमुळे रंग येतो. पोहायला बंदी आहे, आणि आभाळ आलं की रंगही उतरतो. फक्त त्यासाठी कान्कूनहून एवढं लांब जाऊ नये. जवळच्या रिओ लागार्तोसच्या राखीव क्षेत्रात होडीतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायचे असतील तर मात्र जा, आणि वाटेत तळं बघा. रोहित तिथे वर्षभर सापडतात. नावाड्याला आधीच सांगा की पक्षी उडवायचे नाहीत. फोटोसाठी थवा उठवणारे नावाडी असतात, कारण तसं मागणारे प्रवासी असतात.

सियान कानसाठी एक अख्खा दिवस. 1986 साली हे राखीव जीवावरण झालं, 1987 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. पाच लाख हेक्टरांहून मोठं आहे. आत शिरायचे दोन मार्ग लोक सांगतात. पुंता आयेनचा रस्ता लांब आणि खड्ड्यांचा, सासू-सासऱ्यांना नको. तुम्ही मुयिलच्या बाजूने जा, तुलुमच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटर. होडी दोन लगून ओलांडून एका अरुंद कालव्याच्या तोंडाशी सोडते. प्राचीन माया लोकांच्या काळातली ही व्यापाराची वाट. तिथे नावाडी लाईफ जॅकेट उलटं करून, हातांच्या भोकांतून पाय घालून, लंगोटासारखं नेसायला लावतो. फार हास्यास्पद दिसतं, सासूबाई नाही म्हणतील, पण आग्रह करा. कारण मग पाण्यात आपोआप बसल्यासारखं तरंगता येतं आणि प्रवाह हळूहळू पुढे नेतो. हात मारावे लागत नाहीत, पाय मारावे लागत नाहीत. दोन्ही बाजूंना कांदळवनाची मुळं, डोळ्यांच्या पातळीला. पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्यात इतकं निर्धास्त वाटेल अशी दुसरी जागा मला त्या भागात माहीत नाही. अख्ख्या सहलीत एकच ठिकाण करता आलं तर मी हेच करेन.

बाकालार? तुमच्या चार दिवसांत नको. कान्कूनहून जवळपास साडेतीनशे किलोमीटर आहे, म्हणजे तिथे निदान एक मुक्काम हवा. निळ्याच्या ज्या छटांचे फोटो तुम्ही बघितलेत त्या खऱ्या आहेत: पांढरा चुन्याचा तळ, कुठे कंबरभर पाणी तर कुठे एकदम खोल डोह. 2020 च्या पावसाळ्यात आजूबाजूच्या जमिनीवरचा गाळ वाहून आला आणि ते निळं पाणी बराच काळ तपकिरी झालं होतं, इतकं ते नाजूक आहे. कधी गेलातच तर काठाजवळ करडे, गोलसर खडक दिसतील. ते खडक नाहीत, जिवंत आहेत. सूक्ष्मजीवांनी हजारो वर्षं थरावर थर चढवून बांधलेले. असल्याच जीवांनी पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू भरला. त्यांच्यावर उभं राहून फोटो काढणारे लोक बघून माझं डोकं फिरतं. सगळ्यात जवळून ते लोस रापिदोसच्या अरुंद प्रवाहात दिसतात.

तर तुमचे चार दिवस मी असे लावेन: पहिला आसुल आणि शेजारचा एखादा, दुसरा मुयिल, तिसरा बायादोलीदला साकी आणि सामुला, चौथा याल-कू, त्या दिवशी मिस्टर पहाटेच दोस ओहोसला जाऊन येतील. डिसेंबरात पाऊस कमी, किनाऱ्यावर सारगासो शेवाळाचे ढीगही सहसा नसतात. नाताळच्या आठवड्यात मात्र सगळीकडे गर्दी, तारखा हलवता येत असतील तर त्याआधीच्या घ्या. पेसो रोख ठेवा. पुष्कळ सेनोते गावांच्या सामाईक जमिनीवर आहेत, गावकरीच चालवतात, तिथे कार्ड चालेलच असं नाही.

आणि बायादोलीदच्या दिवशी घड्याळाकडे लक्ष द्या. ते युकातान राज्यात येतं, कान्कून किंताना रो राज्यात, आणि दोन्हींत एक तासाचा फरक आहे. सकाळी सातला निघून दोन तास गाडी चालवलीत तर तिथे आठच वाजलेले असतात, साकीला पोचायला अगदी बरोबर वेळ. परतीला तो तास कापला जातो, तेव्हा संध्याकाळचं काही बुकिंग असेल तर कान्कूनची वेळ धरून निघा.