लाल राक्षसी ताऱ्याशेजारी न्यूट्रॉन तारा असेल, तर तो त्याला गिळून का टाकत नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत. न्यूट्रॉन तारा म्हणजे कोसळलेल्या ताऱ्याचा उरलेला, अतिशय घट्ट गोळा. त्याचं गुरुत्वाकर्षण एवढं अफाट, तर त्याचा जोडीदार लाल राक्षसी तारा शिल्लक राहतोच कसा? आणि अशी जोडी आपल्या नाशिकहून दिसते का?

गिळत नाही, कारण लांबून पाहिलं तर न्यूट्रॉन ताऱ्याची ओढ काही जगावेगळी नसते. त्याचं वस्तुमान साधारण दीड सूर्याएवढं, म्हणजे ओढही तेवढीच. अफाट असते ती त्याच्या पृष्ठभागाजवळ, कारण तो सगळा ऐवज नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून त्र्यंबक रोडने अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत जेवढं अंतर आहे, जेमतेम तेवढ्या, म्हणजे वीसेक किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात ठासून भरलेला असतो. लाल राक्षसी ताऱ्याचं वस्तुमानही बऱ्याचदा सूर्याच्या आसपासच असतं, फक्त तो फुगून सूर्याच्या पन्नास-शंभरपट मोठा झालेला असतो. दोघं एकमेकांपासून इतके लांब असतात की एका फेरीला महिने, कधी वर्षं लागतात. वजनाला दोघेही जवळपास सारखेच, त्यामुळे एकाने दुसऱ्याला ओढून गिळण्याचा प्रश्नच येत नाही.

मग न्यूट्रॉन ताऱ्याला खाद्य मिळतं कुठून? राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यातून. एवढा फुगलेला तारा आपले बाहेरचे थर नीट धरून ठेवू शकत नाही. त्याच्यापासून वायू आणि धूळ सतत निसटत असते. हा वारा संथ असतो, सेकंदाला दहा-वीस किलोमीटर. तापलेल्या निळ्या महाकाय ताऱ्यांचा वारा सेकंदाला हजार किलोमीटरच्या पुढे असतो. माझ्या मते सगळी गोम या संथपणात आहे. वाऱ्याचा वेग जितका कमी, तितक्या लांबचा वायू न्यूट्रॉन तारा आपल्याकडे वळवू शकतो. बहुतेक वारा अवकाशात निघून जातो, थोडासाच त्याच्या वाट्याला येतो.

तो थोडासाही पुरतो. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. न्यूट्रॉन ताऱ्यावर आदळणारा वायू जवळपास २० टक्क्यांएवढी ऊर्जा देऊन जातो, म्हणजे तारे पोटात जे इंधन जाळतात त्याच्या पंचवीसपटीहून जास्त. ती बहुतांशी क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडते आणि आजूबाजूचा वारा तापवते. त्यामुळे अशा जोडीच्या वर्णपटात, म्हणजे तिचा प्रकाश रंगांत फाकवून पाहिला की, थंड ताऱ्यातल्या टायटॅनियम ऑक्साइडचे काळे पट्टे आणि तापलेल्या वायूच्या झगझगीत रेषा एकत्र दिसतात. एकट्या ताऱ्याकडून हे दोन्ही सहसा मिळत नाही. अशा जोड्यांना सहजीवी जोड्या म्हणतात, आणि त्या ओळखू येतात त्या याच खुणेवरून. बहुतेक जोड्यांत दुसरा तारा श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा विझत चाललेला गाभा असतो, न्यूट्रॉन तारा असलेल्या जोड्या फार थोड्या.

त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जोडी जीएक्स १+४. वातावरण क्ष-किरण खालपर्यंत येऊ देत नाही, म्हणून वॉल्टर लुइन आणि त्यांच्या एमआयटीतल्या सहकाऱ्यांनी १९७० साली ऑस्ट्रेलियातून उपकरणं बलूनने वर पाठवली, तेव्हा ती सापडली. १९९० च्या दशकात आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही हैदराबादहून बलून सोडून तिची निरीक्षणं घेतली. दीप्तो चक्रवर्ती आणि पॉल रोश यांनी १९९७ मध्ये तिच्यातला जोडीदार खरंच लाल राक्षसी तारा आहे का, ही शंका मिटवली. फेरी ११६१ दिवसांची, म्हणजे तीन वर्षांहून जास्त.

मला या जोडीत सगळ्यात जास्त खिळवून ठेवते ती न्यूट्रॉन ताऱ्याची गिरकी. १९७० च्या दशकात तो साधारण दोन मिनिटांत एक गिरकी घेत होता आणि झपाट्याने वेग पकडत होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या एक्झोसॅट उपग्रहाने पाहिलं, तर तो गायब! १९८७ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला पुन्हा दिसला तो उलटा, मंदावताना. तेव्हापासून एकंदरीत तो मंदच होत आलाय, आता एका गिरकीला सुमारे तीन मिनिटं लागतात. पडणारा वायूच ताऱ्याला फिरवतो आणि त्याच वायूमुळे चुंबकीय क्षेत्राला अडखळून ब्रेकही लागतो, इथपर्यंत समजतं. पण पारडं दशकभर एका बाजूला आणि मग पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या बाजूला का झुकतं, याचं सर्वांना पटणारं उत्तर अजून नाही.

दुसरं कोडं वयाचं. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटिग्रल उपग्रहाने अशीच आणखी एक जोडी नुकतीच जागी होताना पकडली, आयजीआर जे१७३२९-२७३१. तिच्यातला न्यूट्रॉन तारा सुमारे दोन तासांत एकदा फिरतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र अजून जबरदस्त आहे. हे क्षेत्र काळाबरोबर ओसरतं असं मानतात, आणि सूर्यासारख्या ताऱ्याला राक्षसी व्हायला अब्जावधी वर्षं लागतात. म्हाताऱ्या ताऱ्याशेजारी इतका ताजा न्यूट्रॉन तारा आला कुठून? एक शक्यता अशी की तो आधी श्वेत बटू होता, जोडीदाराचा वायू साठत गेला आणि तो अलीकडेच कोसळून न्यूट्रॉन तारा झाला. मला ही कल्पना पटते, कारण त्यात जोडी फुटण्याचा धोकाही कमी. न्यूट्रॉन तारा नेहमीच्या अतिनवताऱ्याच्या स्फोटातून जन्मला असता, तर हलका जोडीदार त्या धक्क्याने सहज सुटून गेला असता.

आता नाशिकहून बघायचं. जीएक्स १+४ डोळ्यांना दिसत नाही, घरच्या दुर्बिणीतूनही नाही, मधल्या धुळीने ती फारच अंधुक केली आहे. जागा मात्र दाखवता येते. मे महिन्यात, पावसाचे ढग यायच्या आधी, सातपूर-अंबडच्या दिव्यांपासून दूर, त्र्यंबकच्या पुढे जा. रात्री एक-दोन वाजता दक्षिणेला, क्षितिज आणि माथा यांच्या बरोबर मध्ये तांबूस ज्येष्ठा दिसेल. हात लांब करून मूठ धरा आणि ज्येष्ठेपासून डावीकडे दीड मूठ मोजा, जीएक्स १+४ तिथेच आहे.

खरोखर डोळ्यांनी पाहायची असेल, तर हिची चुलत बहीण बघा, उत्तर मुकुट तारकासमूहातली टी कोरोनी बोरिअ‍ॅलिस. तिथे लाल राक्षसी ताऱ्याबरोबर श्वेत बटू आहे. एरवी ती दहाव्या प्रतीची, म्हणजे लहान दुर्बीण लागतेच. १८६६ आणि १९४६ साली मात्र ती भडकून नुसत्या डोळ्यांनी दिसली होती. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास ती नाशिकच्या जवळजवळ डोक्यावर असते, त्यामुळे त्याच फेरीत दोन्ही कामं होतील.